एकदा आहे, एकदा नाही

सोमवार

डोकं ठिकाणावर नाही. ऑफिसात काही बिघडलं की मी घडलं ते क्रमाने लिहून काढतो, तेवढी एक सवय हाताला आहे, म्हणून लिहितोय.

काल पहाटे वरचा बांध फुटला आणि नदी खालच्या भागात शिरली. आमची गल्ली चढावर आहे म्हणून आम्ही कोरडे राहिलो, त्यात आमची काही हुशारी नाही. ताई शनिवारपासून माझ्याकडेच आहे. दाजींची रात्रपाळी असली की ती माझ्याकडे झोपायला येते, एकटीला भीती वाटते म्हणते. दाजी पाणीपुरवठ्यात पंप चालवतात. शनिवारी संध्याकाळी डबा घेऊन गेले ते अजून आलेले नाहीत.

त्यांचा पंपघरातला जोडीदार काल दुपारी भेटला. चिखलाने माखलेला, दात वाजत होते त्याचे. म्हणाला, "ते माझ्या आधीच निघाले. वरच्या टाकीची झडप बंद करायला जातो म्हणाले. गाळाचं पाणी टाकीत गेलं तर गावाला महिनाभर प्यायला मिळायचं नाही म्हणाले." वरच्या टाकीकडचा रस्ता खचलाय. पोलीस कोणाला पुढे सोडत नाहीत. पथक जाईल, तुम्ही नाव नोंदवा, एवढंच सांगतात.

तर कालच नाव नोंदवलं. गच्चीवर जाऊन, कारण रेंज तेवढी तिथेच येते. मदत केंद्राच्या फोनवर एक मुलगी होती आणि तिच्या मागे बाजार भरल्यासारखा गलका. मी सांगत होतो आणि ताई माझा दंड धरून मागून भर घालत होती. उंच आहेत म्हणाव. दाढी आहे. निळा शर्ट. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, मोठ्याने हाक मारा म्हणाव. वय विचारलं तर म्हणाली पंचेचाळीस. टाकीचंही मी सांगितलं, दोनदा सांगितलं. मुलगी म्हणाली, "झाली नोंद, काका." मला काका म्हणाली. एरवी मी चिडलो असतो.

आज क्रीडा संघाच्या हॉलमध्ये चौकशी केंद्र उघडलंय. टेबल टेनिसच्या टेबलावर संगणक मांडलाय, मधली जाळी कोणी काढली नाही. जाळीच्या या बाजूला मी आणि त्या बाजूला रांग. हे काम माझ्याकडे आलं कारण मी पोटासाठी डेटाबेसच सांभाळतो. पण इंटरनेटची लाइन आलेली नाही, त्यामुळे दिवसभर मी बंद पडद्यासमोर बसून लोकांना उद्या या म्हणत होतो.

मंगळवार

दाजी सापडले.

दुपारी लाइन आली, हॉलचा फोनही सुरू झाला. मुख्य डेटाबेस लांबच्या शहरात आहे, सगळ्या शिबिरांतून माणसांच्या नोंदी तिथे जातात आणि आपण इथून नाव टाकून विचारायचं. रांगेला म्हटलं, एक मिनिट थांबा, आधी घरचं बघतो. नाव टाकलं आणि आलं. वय पंचेचाळीस, पंपचालक. शिबिर: सूतगिरणीचं वसतिगृह. स्थिती: सुखरूप. ओळखीच्या रकान्यात उंच, दाढी, निळा शर्ट, डाव्या कानाने कमी ऐकू येतं. अगदी बारीकसारीक सगळं बरोबर. आणि संपर्क म्हणून खाली माझा मोबाइल नंबर.

तो नंबर पाहिला आणि मला रडूच आलं, रांगेसमोर. ताईच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, दाजींनी मला कधी आपणहून फोन केलेला आठवत नाही. मला हाक मारायची तीही "काय कॉम्प्युटर, आज काय बिघडवलंस?" अशी. मला वाटायचं, बायकोचा भाऊ म्हणून सहन करतात. आणि एवढं सगळं डोक्यावरून पाणी गेल्यावर त्यांनी नंबर दिला तो माझा. पाठ असणार, फोन तर वाहून गेला असेल. मला हे माहीतच नव्हतं.

धावत घरी गेलो. ताई उभी होती तिथेच खाली बसली. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "निळा शर्ट लिहिलंय?"

"हो ना. डाव्या कानाचंसुद्धा लिहिलंय."

"बरं," म्हणाली आणि उठून चहा टाकायला गेली. आनंदाने माणूस कसा सुन्न होतो ते आज पाहिलं.

संध्याकाळी तिला हॉलमध्ये आणलं, म्हटलं डोळ्यांनी बघ. नाव टाकलं. "एकही नोंद सापडली नाही." म्हटलं नाव चुकलं असेल. परत टाकलं. आले दाजी, तेच वय, तोच कान. ताईने वाचलं. तिला चांगलं दिसावं म्हणून मी पुन्हा एकदा टाकलं, तर नाहीत. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लाइनचा प्रॉब्लेम आहे, असं होतं. आमच्या धंद्यात हे वाक्य मी हजारदा बोललोय, पण आज ते पडद्याकडे बघूनच बोललो.

बुधवार

सकाळपासून एकच. वीस वेळा विचारलं तर बारा वेळा आहेत आणि आठ वेळा नाहीत. मधे काही नियम दिसत नाही.

केबल बदलली. राउटर बंद करून चालू केला. ब्राउझरने आठवून ठेवलेलं सगळं पुसून टाकलं. दुसरा संगणक मागवला, त्यावरही तेच. बाकीची नावं टाकून पाहिली. काही कायम येतात, काही कधीच येत नाहीत आणि काही दाजींसारखी येऊन जाऊन असतात. म्हणजे एकट्या दाजींचा प्रश्न नाही. हे कळल्यावर मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

मुख्य केंद्राच्या संगणक कक्षात जो माणूस फोन उचलतो त्याला जबर सर्दी आहे. नाव विचारायचं राहिलं, मी त्याला मनात सर्दीवाला म्हणतो. त्याला सगळं सांगितलं. तो दोनदा शिंकला आणि म्हणाला, "आमच्याकडे बरोबर दिसतंय."

"तुमच्याकडे तो माणूस आहे की नाही?"

"नाहीये."

"परत बघा."

"परत बघितलं. नाहीये. तुमच्या बाजूलाच काहीतरी असेल हो."

तुमच्या बाजूला. हेच मी आमच्या ग्राहकांना म्हणतो. माझ्याशी बोलताना त्यांना काय वाटत असेल ते आज समजलं.

वसतिगृहात फोन नाही. रस्ता फक्त मोठ्या ट्रकना खुला आहे आणि ट्रकमध्ये जागा फक्त ज्यांचं माणूस तिथे "आहे" त्यांना. ताईला अशा येऊन जाऊन असलेल्या नोंदीवर पाठवायचा मला धीर झाला नाही. दुपारी एक शिंपीणबाई आल्या, वडील हरवलेत. पडद्यावर वसतिगृह आलं. मी एकदाच विचारलं होतं. दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं, पण मागे रांग होती आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला होता. चिठ्ठी दिली, ट्रकमध्ये बसवलं. त्यांना म्हटलं, तिथे आमच्या दाजींनाही शोधा, उंच आहेत, मोठ्याने हाक मारा. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही माझे वडील दिलेत, तुमचं माणूस मी हाताला धरून आणते."

ताई तिच्या घरी जाऊन आली. पहिला मजला आहे, पाणी जिन्यावरूनच फिरलं. दाजींसाठी पिशवी भरून आणलीय, टॉवेल, पायजमा, कानात घालायचं यंत्र, जे ते कधी घालत नाहीत. वरती निळा शर्ट घडी करून ठेवलेला. मी म्हटलं, "निळे दोन आहेत वाटतं."

"असतील," म्हणाली. चेहरा उतरलाय तिचा. मीच तिला आधी सांगायची घाई केली. एकदा खात्री करून सांगितलं असतं तर तिचा जीव असा टांगणीला लागला नसता.

गुरुवार

सापडलं. म्हणजे दाजी नाही, बिघाड.

रात्री झोप नव्हती, तेव्हा सुचलं की आपण दरवेळी दाजी आहेत का म्हणून विचारतोय, पण उत्तर कोण देतंय ते विचारतच नाही. सकाळी आल्या आल्या प्रत्येक खेपेला डेटाबेसलाच विचारलं की बाबा, तू कोण. दोन वेगवेगळी नावं आली. एकाच पत्त्यामागे दोन सर्व्हर आहेत. गर्दी फार म्हणून मुख्य प्रतीची हुबेहूब नक्कल करून शेजारी बसवलीय, आणि आपला प्रश्न कधी मुख्य प्रतीकडे जातो, कधी नकलेकडे. मुख्य प्रतीत काही बदललं की ते क्षणात नकलेत जायला हवं. ते जात नाही. नक्कल मंगळवारी सकाळी अडकलीय. तिच्यासाठी अजून मंगळवारची सकाळच चाललीय.

आता फक्त एवढंच बघायचं होतं की दाजी कुठे आहेत, मुख्य प्रतीत की नकलेत.

नकलेत.

हॉलच्या मागच्या पायरीवर जाऊन बसलो. म्हणजे मंगळवारी सकाळपर्यंत ते होते, आणि मग कोणीतरी त्यांना काढलं. का काढेल कोणी? शिबिर सोडून निघाले असतील. ते स्वस्थ बसणारे नाहीत, लांबून वळसा घालून चालत येत असतील. शिबिर सोडलेल्यांची नोंद पुसत नाहीत, त्यांच्यापुढे तशी खूण करतात, हे मला माहीत आहे. तरी म्हणतोय, चालत येत असतील. किंवा दुसऱ्या शिबिरात हलवलं आणि टायपिंग करणाऱ्याने नाव चुकवलं. किंवा एकाच नावाचे दोघे वाटून एकाला उडवलं. असं होतं. आमच्याकडे एकदा एका बँकेच्या मॅनेजरलाच उडवला होता.

सर्दीवाल्याला सांगितलं. पलीकडून नुसता टकटक आवाज. मग म्हणाला, "तुमचं बरोबर आहे हो. नक्कल अडकलीय. माफ करा, मी काल उगाच तुमच्यावर ढकललं. आत्ता काढून टाकतो तिला, दोन मिनिटांचं काम आहे."

मी म्हटलं, "थांबा."

"का?"

"नकलेत काही नोंदी आहेत ज्या मुख्य प्रतीत नाहीत. त्या का गेल्या ते आधी बघू या. एकदा काढली की गेलं सगळं."

"हे मात्र खरं," तो म्हणाला. "बरं झालं तुम्ही आहात. उद्या बघून सांगतो."

कारण खरं होतं, पण मी थांबा म्हटलं ते त्या कारणासाठी नाही. ती नक्कल गेली की दाजी पडद्यावरून जातील. वीसपैकी बारा वेळा तरी ते आहेत, ते मला राहू द्यायचे होते.

मग दिवसभर इथल्या रांगेपुरतं मी प्रत्येक नाव मुख्य प्रतीतच बघून सांगितलं. बाकीच्या केंद्रांवर काय दिसत असेल त्याचा विचार मी केला नाही. नाही, केला. करून बाजूला ठेवला.

घरी ताईने विचारलं, काही कळलं का. मी म्हटलं, बिघाड सापडलाय, एक दिवस लागेल. तिने पोळी वाढली आणि समोर बसून राहिली. "तू जेव नीट," म्हणाली. "मंगळवारपासून तू जेवायला तरी लागलास."

शुक्रवार

शिंपीणबाई परत आल्या. जाळीच्या त्या बाजूला उभ्या राहिल्या, आवाज चढवला नाही, त्याने जास्त लागलं. वडील तिथे नव्हते. त्यांना मंगळवारीच मोठ्या इस्पितळात हलवलं होतं, मुख्य प्रतीत तसं स्वच्छ लिहिलेलं आहे. बाई वसतिगृहात दोन दिवस अडकल्या, परतीचा ट्रक नव्हता. इस्पितळ इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. काल वडील गेले.

"शेवटपर्यंत नाव घेत होते म्हणे माझं," म्हणाल्या. "मी इथेच होते ना भाऊ, बुधवारी. तुमच्यासमोर."

मी हात जोडले. त्यांनी जाता जाता वळून सांगितलं, "तुमचे दाजी तिथे नाहीत. मी खोलीखोलीत जाऊन मोठ्याने हाका मारल्या. कोणी बघितलेलं पण नाही."

त्यानंतर सर्दीवाल्याचा फोन आला. त्याने शोध लावला होता आणि त्याला स्वतःला त्याचा आनंद झालेला होता, मध्ये मध्ये शिंकत भराभर सांगत होता. रविवारी प्रोग्राम घाईघाईत उघडला तेव्हा त्यात एकच फॉर्म होता, सापडलेल्या माणसांचा. हरवलेल्यांचा फॉर्म सोमवारी आला. पण फोन रविवारीच सुरू झाले, आणि फोन करणारे सगळे हरवलेल्यांचे नातेवाईक. फोनवरच्या मुलींनी आपसात ठरवलं की आत्ता याच फॉर्मात भरून ठेवू, नंतर हलवू. फॉर्म शिबिराचं नाव टाकल्याशिवाय पुढे जात नव्हता, म्हणून त्यांनी यादीतलं अगदी शेवटचं शिबिर निवडलं, जे तेव्हा उघडलेलंही नव्हतं. त्या नावाखाली जे असतील ते हरवलेले, अशी त्यांची आपली खूण. स्थिती फॉर्म स्वतःच भरायचा, सुखरूप.

"सूतगिरणीचं वसतिगृह," मी म्हटलं.

"हां. आणि सोमवारी ते खरंच उघडलं की हो. खरी माणसं आली. मंगळवारी सकाळी आमच्या लक्षात आलं तेव्हा त्या खोट्या नोंदी एकदम पुसल्या, शेकड्याने होत्या. तेवढं एकदम पुसलं म्हणूनच नक्कल अडकली. बघा कसं आहे." तो पुढे म्हणाला की त्यातल्या प्रत्येकाच्या घरी फोन करून, माणूस अजून हरवलेलंच असेल तर नव्या फॉर्मात घालायचं काम मुलींकडे दिलंय, तुम्ही काळजी करू नका. मग म्हणाला, "आता काढू ना नक्कल?"

मी काढा म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

फोन ठेवून दाजींचं नाव टाकलं. नाहीत. परत टाकलं. नाहीत. नंतर टाकलं नाही.

उंच, दाढी, निळा शर्ट, डावा कान. हे दाजींनी कोणालाही सांगितलेलं नाही. हे गच्चीवरून मी सांगितलं. आणि तो नंबर मुलीने विचारला आणि मीच दिला. दाजींना माझा नंबर पाठ नाही. चार दिवस मी त्या एका गोष्टीवर जगलो, आणि ती माझीच होती, मलाच परत आलेली.

घरी गेलो तर पिशवी दाराशी काढून ठेवलेली. ताईला सांगता आलं नाही. म्हटलं, दमलोय.

शनिवार

सकाळी सांगितलं. एका दमात, तिच्याकडे न बघता. नक्कल, फॉर्म, वसतिगृह, सगळं. तिला तांत्रिक काही कळणार नाही असं मला वाटलं होतं. ती मधे एकदाही अडखळली नाही.

"मला वाटलंच होतं," म्हणाली.

"कधी?"

"मंगळवारी. तू निळा शर्ट म्हणालास तेव्हाच. हे खाकी घालून गेले होते. फोनवर मी घाबरून निळा सांगितला, नंतर आठवलं की तो तर कपाटात आहे. माझी चूक दुसऱ्या कोणाला कशी माहीत असेल?"

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, कोणाचा तरी मागून घातला असेल. भिजलेल्या माणसाला देतात ना लोक." ओढणीने डोळे पुसले तिने. "आणि तू इतका खूश होतास. तुला कसं सांगायचं ते कळेना."

आम्ही दोघं एकमेकांना सांभाळत बसलो होतो. मी तिच्यासाठी पडद्यावर दाजी ठेवले आणि ती माझ्यासाठी ते आहेत असं मानत राहिली.

मग तिने विचारलं, अगदी साधं, भाजी आणलीस का विचारावं तसं, "वरच्या टाकीकडे कोण गेलं होतं?"

"पथक गेलं असेल ना."

"कधी?"

मला माहीत नव्हतं. तसेच हॉलमध्ये गेलो, दोघं. हरवलेल्यांच्या यादीत दाजींचं नाव टाकलं. तिथेही नाहीत. सर्दीवाल्याला फोन लावला. त्याने मुलींना विचारून सांगितलं, "तुमच्या नंबरवर चार-पाचदा फोन केलाय त्यांनी, लागत नाही. विचारल्याशिवाय हरवलेला म्हणून घालायचं नाही असं ठरलंय, कारण निम्मी माणसं तोवर घरी पोचली होती." फोन माझ्या खिशात होता. खिशात असतो आणि मी दिवसभर या हॉलमध्ये असतो, जिथे रेंज येत नाही.

मग पथकाच्या प्रमुखांना. ते थकलेले होते, पण नीट बोलले. "आम्ही यादीवरून जातो साहेब. ज्या भागातलं माणूस हरवलंय तो भाग आधी. वरच्या टाकीकडचं आमच्याकडे कोणीच नाही. तिकडे आम्ही गेलोच नाही."

"मी रविवारीच सांगितलं होतं."

"असेल. आमच्यापर्यंत आलं नाही."

कसं येणार? सापडलेल्यांच्या फॉर्मात शेवटचं कुठे पाहिलं याला जागाच नसते. सापडलेल्या माणसाबद्दल ते कोण विचारेल. रविवारी आम्ही कळवलं आणि त्या क्षणापासून दाजी सापडलेले होते. मंगळवारी पुसले तेव्हापासून ते कुठेच नव्हते. हरवलेले ते कधीच नव्हते, एक दिवसही नाही. आणि मी सगळा आठवडा ते एकदा दिसतात एकदा नाही याचं कारण शोधत होतो, तेही इथे खुर्चीत बसून.

ताईला म्हटलं, चूक माझी आहे. ती म्हणाली, "ते नंतर बघू. आधी लिही."

हरवलेल्यांचा फॉर्म उघडला. आजची तारीख आपोआप पडली, हरवल्याची म्हणून.

पथक उद्या उजाडताच निघतंय. नातेवाईक नेत नाहीत, पण ताई प्रमुखांसमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "एका कानाने ऐकू येत नाही त्यांना. माझा आवाज ओळखतील." ते हो म्हणाले.

रविवार

मी हॉलमध्येच थांबलो. रांग होती. नावं टाकत होतो, सांगत होतो, काय सांगितलं ते आठवत नाही.

ऊन चढल्यावर हॉलचा फोन वाजला. पथकाच्या वायरलेसवरून जोडून दिलेला, खरखर फार होती. ताई होती.

"छोट्या, सापडले," म्हणाली. ती रडत नव्हती, त्यावरूनच मला काय ते कळलं.

मग म्हणाली, "लिहून घे. प्रमुख म्हणतात नोंद त्यांच्याकडची माणसं करतील. मी म्हटलं, माझा भाऊ करेल."

"सांग."

"वय चव्वेचाळीस लिही. मी पंचेचाळीस सांगितलं होतं, ते अजून व्हायचे होते. शर्ट खाकी. ठिकाण वरची टाकी, झडपेची खोली. लिहिलंस?"

"लिहितोय."

"झडप बंद केलेली होती त्यांनी. उजवा पाय मोडलेला, गुडघ्याखाली. फळी लावून रुमालाने बांधला होता. स्वतःच बांधला असणार. भिंतीला टेकून बसले होते."

"पायाला रकाना नाहीये ताई."

"मग ओळखीत लिही." मग म्हणाली, "दाराच्या आतल्या बाजूला विटेने ठोकल्याच्या खुणा आहेत. खूप आहेत. आणि डबा धुऊन पालथा घालून ठेवला होता."

"हे लिहायचं?"

"नको. तुला सांगितलं."

मी लिहिलेलं खोडून पुन्हा लिहिलं.

"स्थिती कोणती टाकलीस?" ताईने विचारलं.

मी टाकली नव्हती. तीन पर्याय येतात. मी तिसरा निवडला आणि तिला वाचून दाखवला, वरपासून खालपर्यंत सगळं वाचून दाखवलं, नाव, वय, शर्ट, ठिकाण, पाय, मृत. ती म्हणाली, "बरोबर आहे." मग म्हणाली, "आता शोधून बघ. दिसतात का बघ."

नाव टाकलं. आहेत. तसं सांगितलं.

"परत बघ."

परत टाकलं. आहेत.

"अजून एकदा बघ, छोट्या."

तिसऱ्यांदा टाकलं. तेच आलं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मी म्हटलं, "आहेत, ताई." ती बरं म्हणाली आणि फोन प्रमुखांच्या हातात दिला.